घरात मतं किती? बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या मतदानाची तयारी

निवडणूक जवळ आली की गल्लीतला कार्यकर्ता वही घेऊन दारात उभा राहतो. "काकू, घरात किती मतं?" आमची आई वर्षानुवर्षं "चार" म्हणायची. घरात अठराच्या वरची माणसं पाच. पाचवा माझा धाकटा भाऊ, डाउन सिंड्रोम असलेला. एकदा कार्यकर्ता मतदार चिठ्ठ्या वाटत होता, तेव्हा शेंगा फोडत बसलेल्या भावाने टरफलं झटकून हात पुढे केला. त्याच्या नावाची चिठ्ठी नव्हतीच. कार्यकर्ता हसला, पक्षाचं एक स्टिकर त्याच्या हातावर ठेवून गेला.

२०२३ मध्ये, भावाची तिशी उलटल्यावर, आम्ही त्याचं नाव नोंदवलं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्हींना त्याने मत दिलं. मधल्या काळात जे कळलं आणि जिथे चुकलं ते इथे लिहिते आहे. आईवडील, भावंडं, विशेष शिक्षक, प्रौढांच्या कार्यशाळा चालवणारे, यांच्या उपयोगी पडावं.

आधी कायदा, कारण वाद तिथेच होतो

"त्याला काय कळतंय?" हे वाक्य तुम्ही नातेवाइकांकडून ऐकाल, शेजाऱ्यांकडून ऐकाल, कधी सरकारी टेबलापलीकडूनही. त्याला उत्तर म्हणून दोन-तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात.

संविधानाच्या कलम ३२६ नुसार १८ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला मताचा हक्क आहे. तो काढून घेण्याच्या कारणांत 'विकल मन' हा जुना शब्द आहे, आणि लोक तोच पुढे करतात. पण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १६ मध्ये अट दुहेरी आहे: माणूस विकल मनाचा असला पाहिजे आणि सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असलं पाहिजे. डॉक्टरचा दाखला म्हणजे न्यायालयाचा निकाल होत नाही. बुद्ध्यांकाचा आकडा, ७५ टक्के लिहिलेलं दिव्यांग प्रमाणपत्र, विशेष शाळेचा दाखला, यांतल्या कशानेही मत जात नाही. उलट दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ११ ने केंद्र आणि राज्य अशा दोन्ही निवडणूक आयोगांवर जबाबदारी टाकली आहे: मतदान केंद्र दिव्यांगांना वापरता यावं, आणि निवडणुकीचं साहित्य त्यांना समजेल असं असावं. 'समजेल असं' या दोन शब्दांवर प्रत्यक्षात फार काम झालेलं दिसत नाही. ते तुम्हालाच घरी करावं लागतं, त्याबद्दल पुढे.

मतदान केंद्रावर बुद्धीची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. यादीत नाव आहे आणि ओळख पटली, की मत. एखाद्या पक्षाच्या मतदान प्रतिनिधीला आक्षेप घ्यायचाच असेल तर तो फक्त ओळखीबद्दल घेता येतो, म्हणजे 'हा तो माणूस नाही' असा. त्यासाठी त्याला दोन रुपये अनामत भरावे लागतात. 'हा वेडसर दिसतो' असा आक्षेप नियमांत नाही.

आणि कळण्याचंच म्हणाल, तर २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात काय झालं ते आठवा. तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं चिन्ह, आणि यंत्रावर खाली एका अपक्षासमोर पिपाणी. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. तुतारीवाला उमेदवार हरला, आणि निकालातला फरक त्याहून कमी, ३२ हजारांच्या घरात. म्हणून कोणी साताऱ्याच्या मतदारांची बौद्धिक तपासणी करा म्हणालं नाही.

पालकत्वाचा कागद जपून

हा मुद्दा पालकांच्या लक्षातच येत नाही. मुलगा अठराचा झाला की बँक, पेन्शन, जमीन यांसाठी पालकत्वाचा कागद मागतात. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं. ती समिती न्यायालय नाही. तिचा आदेश म्हणजे 'विकल मनाचा' अशी घोषणा नव्हे, त्यामुळे पालकत्व घेतल्याने मत जात नाही.

मात्र एखादा वकील मालमत्तेच्या प्रकरणात थेट कोर्टाकडून 'विकल मनाची व्यक्ती' असं जाहीर करून घ्यायचा सल्ला देतो. तिथे थांबा. ज्या कामासाठी हवं ते समितीच्या पालकत्वाने किंवा २०१६ च्या कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाने होतंय का, ते त्याला विचारा. सातबाऱ्यावरच्या एका फेरफारासाठी जन्माचं मत घालवून बसू नका.

नाव नोंदवणं

नवीन नोंदणीसाठी नमुना ६. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर, ॲपवर किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, भरता येतो. वयाची मोजणी वर्षातून चार तारखांना होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. आमच्यासारखी तिशीची वाट बघू नका.

शाळा सोडल्याचा दाखला नसणं ही आपल्या मुलांची नेहमीची अडचण, पण जन्मदाखला किंवा आधार चालतं. सही येत नसेल तर अंगठा. फॉर्ममध्ये अपंगत्वाचा रकाना ऐच्छिक आहे. त्यात हालचालीचं, दृष्टीचं, मूकबधिर असे पर्याय दिसतील, आपला दिसणार नाही. 'इतर' मध्ये 'बौद्धिक अक्षमता' असं स्पष्ट लिहा, टक्केवारी टाका, प्रमाणपत्र जोडा. जवळच्यांनी सल्ला दिला होता की हा रकाना रिकामा ठेव, उगाच कोणी शंका काढेल. मी भरला. रांगेशिवाय प्रवेश, घरून मतदान, केंद्रावर मदत, हे सगळं या नोंदीवर सोपं होतं. नाव आधीच यादीत असेल तर ही नोंद नमुना ८ भरून करता येते. पत्ता बदलायलाही तोच.

बीएलओ पडताळणीला घरी येतात. त्या वेळी ज्याचं नाव आहे त्याला खोलीत बसवून ठेवू नका, बाहेर आणा. आमच्याकडे आलेल्या बाई सगळे प्रश्न मलाच विचारत होत्या. भावाने स्वतःचं आधार कार्ड आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलायला लागल्या.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर पुढे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आणि दिव्यांगांसाठीचं 'सक्षम' ॲप आहे. आणि निवडणुकीच्या दोन महिने आधी यादीत नाव पुन्हा तपासा. एकदा लागलं म्हणजे कायमचं लागलं, असं नसतं.

निवडायला शिकणं

खरं काम इथे आहे, आणि ते निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करून भागत नाही.

ज्या माणसाला आज कोणता शर्ट घालायचा हे आई ठरवते, जेवायला काय हे वहिनी ठरवते, तो एकदम खासदार कसा निवडणार? आम्ही सहा महिने आधी साध्या गोष्टींपासून सुरुवात केली. रविवारी नाश्त्याला पोहे की उपमा, यावर घरात मतदान. चार चिठ्ठ्या, दोन चित्रं, एक डबा. भाऊ पहिल्या तीन वेळा माझ्याकडे बघून मी करते तेच करायचा. म्हणून मग एकेकाने स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठी टाकायची, दार लोटून. चौथ्या रविवारी त्याने एकट्याने उपम्याला मत दिलं आणि हरला. पोहे झाले. रागावला, ताट सरकवलं. हे होऊ द्या. मत दिलं तरी आपलं होईलच असं नाही, हा निवडणुकीतला सगळ्यात अवघड धडा आहे आणि तो पोह्यांवर शिकलेला बरा.

मग त्याच्या आयुष्यातल्या सरकारकडे वळलो. खासदार, आमदार, धोरण, हे शब्द बाजूला. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कधी येतात, कधी अडकतात. एसटीचं सवलतीचं तिकीट. कार्यशाळेच्या रस्त्यावरचा बंद दिवा, ज्याची त्याला भीती वाटते. 'हे कोण करतं?' या प्रश्नाची उत्तरं फोटोंनी दिली. वर्तमानपत्रातून उमेदवारांचे फोटो कापले, प्रत्येकाला एक पान. पानावर फोटो, चिन्ह आणि त्या माणसाने स्वतः दिलेली तीन आश्वासनं, छोट्या वाक्यांत. सगळ्यांना सारखी जागा, सारखी अक्षरं.

हे सारखेपण सांभाळणं वाटतं तितकं सोपं नाही. मला न आवडणाऱ्या उमेदवाराचं पान वाचताना माझा आवाज पडतो, हे माझ्याच लक्षात नव्हतं. नवऱ्याने दाखवून दिलं. आपल्या माणसाला तुमचा सूर तुमच्या शब्दांपेक्षा आधी कळतो. शक्य असेल तर दोन वेगळ्या विचारांच्या माणसांनी पानं वाचून दाखवावीत. मामा एका पक्षाचा, काका दुसऱ्या, अशी घरं आपल्याकडे चिक्कार आहेत. या एका कामासाठी ती सोयीची.

त्याने निवडलेला उमेदवार तुम्हाला पटला नाही तर? गप्प बसायचं. त्याने तो फक्त मिशी आवडली म्हणून निवडला असेल तर? तरीही. मिशी, जात, गाव, नातं, कोणी कशावर मत देतं याचा हिशोब आपण इतरांकडे मागत नाही.

पुठ्ठ्याचं यंत्र

उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की अंतिम यादी येते. त्यानंतर मतदानाला साधारण दोन आठवडे असतात. सराव खऱ्या यादीवर करा, खऱ्या क्रमाने. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, सगळ्यात शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटा. एका यंत्रावर १६ ओळी मावतात, नोटा धरून. उमेदवार जास्त असतील तर शेजारी दुसरं यंत्र लागतं, आणि आपला माणूस ते बघून गोंधळू शकतो.

प्रचारात उमेदवार नमुना मतपत्रिका किंवा पुठ्ठ्याचं यंत्र वाटतात. त्यावर फक्त त्यांचंच नाव आणि चिन्ह असतं. सरावाला ते अजिबात वापरू नका, हात त्याच ओळीवर बसतो. आम्ही साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, निळ्या झाकणांची बटणं चिकटवली. बटण दाबलं की मी टॉर्चचा लाल कागद लावलेला दिवा लावायचे आणि भाची तोंडाने लांब 'टींऽऽ' करायची. खरी बीप बरीच मोठी असते. मोठ्या आवाजाने कान झाकणारी मुलं असतील तर तो आवाज मोबाइलवर आधी हळू, मग मोठा ऐकवा. मतदानाआधी प्रशासनाकडून यंत्रांची प्रात्यक्षिकं होतात. तिथे घेऊन जाता आलं तर उत्तमच.

एक फसगत झाली ती सांगते. रंगीत पोस्टरवरून भाऊ सगळ्यांना ओळखायचा. पण २०२४ मध्ये यंत्रावरचे फोटो कृष्णधवल होते, तेही तिकिटाएवढे. सरावाच्या पहिल्या दिवशी झेरॉक्स बघून तो म्हणाला, "हा कोण?" आयोगाने २०२५ मध्ये बिहारपासून रंगीत फोटो आणले, पण आकाराचा प्रश्न उरतोच. म्हणून चिन्हावर भर द्या, आणि सारखी दिसणारी दोन चिन्हं शेजारी ठेवून फरक दाखवा.

बटणानंतर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग पडते. भावाला मी सात आकडे मोजायला शिकवलं. शाई डाव्या तर्जनीला लागते. ती सुई नाही हे दाखवायला घरी स्केचपेन चालतं. क्रमही पाठ करून घ्या. पहिल्या टेबलावर ओळख पटते, दुसऱ्यावर शाई, सही किंवा अंगठा आणि चिठ्ठी, तिसऱ्यावर चिठ्ठी द्यायची, मग आडोशात जायचं. त्याचा क्रम चार फोटोंचा करून आम्ही कपाटाला लावला होता.

मतदानाच्या दिवशी

७ मे २०२४, आमच्याकडे लोकसभेचं मतदान. ऊन टाळायला सातलाच गेलो. दिव्यांगांना रांगेत थांबावं लागत नाही, पण सांगावं लागतं, आपण होऊन कोणी पुढे बोलावेलच असं नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, तसंच दिव्यांगांचं यूडीआयडी कार्डही चालतं. मोबाइल आत नेता येत नाही. आपलं माणूस मोबाइलवरच्या गाण्यावर शांत राहत असेल किंवा मोबाइलवर चित्रं दाखवून बोलत असेल तर ही सवय आधीच सोडवावी लागेल. चित्रांचे छापील कार्ड असतील तर त्याबद्दल केंद्राध्यक्षांशी आधी बोलून घ्या.

पहिल्या टेबलावरच्या माणसाने भावाकडे न बघता मला विचारलं, "यांना कळतं ना?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा." भावाने तोवर डावी तर्जनी पुढे करून ठेवली होती, एक टेबल आधीच. तिसऱ्या टेबलावर खरा पेच आला. "ताई, तुम्हीच आत जाऊन दाबून टाका ना, वेळ वाचेल." माणूस वाईट नव्हता, मदतच करत होता. आणि खरं सांगते, एक पाऊल माझंही पुढे पडलं होतं.

इथे नियम नीट समजून घ्या. निवडणूक संचालन नियम, १९६१ चा ४९-एन हा नियम सोबत्याला आत जायची मुभा देतो. पण त्याचे शब्द 'अंधत्व किंवा इतर शारीरिक दुर्बलता' असे आहेत. सेरेब्रल पाल्सीमुळे हात चालत नसेल, दिसत नसेल, तर सोबती मागायला हा नियम थेट लागू पडतो. सोबती १८ वर्षांवरचा हवा. त्याने मतदाराच्या इच्छेप्रमाणेच बटण दाबायचं, गुप्तता पाळायची, आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचाही सोबती व्हायचं नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे कार्यशाळेची एक शिक्षिका दहा जणांना घेऊन आत जाऊ शकत नाही. फक्त बौद्धिक अक्षमता असेल तर हा नियम शब्दशः लागू होत नाही. कोणी केंद्राध्यक्ष सोबत्याला सोडतो, कोणी नाही. माझ्या मते ही नियमातली उणीवच आहे. पण त्यावर मतदानाच्या सकाळी दारात भांडून काही होत नाही. शंका असेल तर आठवडाभर आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी विचारा, उत्तराची प्रत खिशात ठेवा.

सोबती न घेताही एक मदत मागता येते. यंत्राचं चित्र असलेला पुठ्ठ्याचा नमुना केंद्राध्यक्षांकडे असतो. मत कसं द्यायचं हे ते त्यावरून समजावून सांगू शकतात, आडोशाच्या बाहेर, मतदान प्रतिनिधींच्या समोर. ती मागा. आत शिरून सांगायचं मात्र नाही.

मी मागे सरले. भाऊ आत गेला. बराच वेळ काहीच आवाज नाही. कोपऱ्यातले प्रतिनिधी चुळबुळले, एकाने घड्याळ बघितलं. मग बीप. आणि लगेच आतून खणखणीत आवाज: "एक, दोन, तीन, चार…" सगळी खोली सातपर्यंत थांबली. 'मनातल्या मनात मोजायचं' हे शिकवायला मी विसरले होते. विधानसभेच्या आधी तेवढं करून घेतलं.

कोणी अडवलंच तर केंद्राध्यक्षांना नियम विचारा, मग क्षेत्रीय अधिकाऱ्यांना बोलवायला सांगा, १९५० ला फोन करा. नंतरची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही करता येते. आणि बाहेर पडल्यावर "कोणाला दिलंस?" हा प्रश्न घरातल्या कोणीही विचारायचा नाही, असं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. आईला हे सगळ्यात जड गेलं.

घरून मतदान

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ डी, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांच्या आत. ही मुदत फार लवकर संपते. एकदा घरून मत द्यायचं ठरलं की केंद्रावर जाऊन देता येत नाही. पथक चित्रीकरणासह घरी येतं, आणि मत यंत्रावर नसून टपाली मतपत्रिकेवर असतं: कागदावर खूण, पाकिटं. यंत्रावर सराव केलेल्या माणसाला ते अगदीच वेगळं. गर्दी सोसतच नाही, अंथरुणावर आहे, अशांना ही सोय हवीच. पण ज्याला जाता येतं त्याला केंद्रावरच न्या. घरात आई, आजी, वहिनी सगळे भोवती उभे असताना मत गुप्त ठेवणं जास्त कठीण असतं.

महापालिकेला सराव नव्याने

स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांची रीत वेगळी असते. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा, म्हणजे एकाच माणसाला चार मतं. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, व्हीव्हीपॅट नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दोन मतं. चांगले शिकलेले लोकही इथे एक बटण दाबून बाहेर येतात, आणि कर्मचाऱ्याला त्यांना परत बोलवावं लागतं.

भावाचा घोळ याच्या उलट बाजूने झाला. त्याच्या हातात 'बटण, बीप, सात, बाहेर' पक्कं बसलेलं. आम्ही खोक्याच्या झाकणावर चार रंगांचे कागद लावले, आणि सवयीने भाचीने पहिल्याच बटणाला 'टींऽऽ' केलं. तो सात मोजून उठला, चहा मागायला गेला. तीन दिवस हेच. मग लक्षात आलं की चूक आमची आहे. या यंत्रावर प्रत्येक जागेला दिवा लागतो, पण लांब बीप सगळ्या जागा झाल्यावर येते. भाचीला सांगितलं, चौथा दिवा लागेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तुमच्याकडे जो कोणी बीप होणार असेल, त्याला हे पहिल्या दिवशीच सांगा.